एफजी २६० हाउसिंगला मशिनिंगनंतर फटी: नायट्रोजन सीपीसीचा की कोरचा?

शिरोली_मेल्ट (प्रश्न)

मंडळी, एका रिजेक्शनचं कोडं आहे, जरा लक्ष घाला.

शिरोली एमआयडीसीतली फौंड्री. एक टनाची इंडक्शन भट्टी, ग्रीन सँड मोल्ड (ओलसर मातीच्या वाळूचे साचे), कोल्ड बॉक्स कोर (आतली पोकळी घडवणारे, रेझिननं बांधून वायूनं घट्ट केलेले वाळूचे गाभे). माल म्हणजे ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक हाउसिंग, ग्रेड आयएस २१० एफजी २६० (करडं बीड, ताकद किमान २६० एमपीए), सेक्शन १२ ते ३५ मिमी. शॉटब्लास्टनंतर कास्टिंग एकदम स्वच्छ. बोअरचा पहिला कट घेतला की ३ ते ६ मिमी लांबीच्या, स्वल्पविरामासारख्या वाकड्या फटी उघड्या पडतात. मशीनशॉपवाले 'ब्लोहोल' असा शिक्का मारून माल परत पाठवतात.

वाळूचं मॉइश्चर बघितलं, परमिएबिलिटी बघितली, व्हेंट वाढवले, ओतायचं तापमान १४०० पर्यंत नेलं. काडीचा फरक नाही.

बदललाय तो चार्ज, म्हणजे भट्टीत भरायचा माल. आधी १००० किलोत पिग (कच्चं लोखंड) ३००, स्टील ३००, रिटर्न (आपलेच रनर-रायझर) ४०० असायचं. पिगचा दर परवडेना म्हणून आता सीआरसीए (पातळ पत्र्याचं स्टील स्क्रॅप) ६००, रिटर्न ३५०, पिग ५०, आणि कार्बन सगळा सीपीसीनं (भाजलेला पेट्रोलियम कोक). स्पेक्ट्रोवर (रचना मोजायच्या यंत्रावर), टक्क्यांत: कार्बन ३.३५, सिलिकॉन १.९, मँगनीज ०.६५, सल्फर ०.०५५, फॉस्फरस ०.०५. कोरला एकूण बाइंडर (वाळू बांधणारं रेझिन) १.६ टक्के.

सगळे म्हणतात नायट्रोजन. पण तो नायट्रोजनच आहे हे ठरवायचं कसं? आणि असेलच तर तो मेटलमधला की कोरमधला? एकानं सांगितलं, लॅडलमध्ये फेरो टायटॅनियम टाका आणि विसरून जा. असं विसरता येतं का?

---

धातूतपासणी

'ब्लोहोल' हा शब्द आधी बाजूला ठेवा. त्या एका नावाखाली चार वेगळे दोष खपतात आणि चारींचा इलाज वेगळा आहे.

एक खराब पीस फटीवरच तोडा, कापू नका. तुटलेला पृष्ठभाग दहापट भिंगाखाली बघा. हायड्रोजनचं पिनहोल गोल असतं, आतून चकचकीत, आणि कातडीच्या खाली १ ते ३ मिमीवर बसलेलं. स्लॅग आणि कार्बन मोनॉक्साइडचं भोक वेडंवाकडं असतं, आत काळपट काचेसारखा मळ सापडतो, आणि ते बहुधा कास्टिंगच्या वरच्या अंगाला येतं. मँगनीज आणि सल्फर दोन्ही जास्त आणि मेटल थंड, असं जुळलं की तो दोष हमखास. नायट्रोजनची फट चिरेसारखी, पृष्ठभागाला साधारण काटकोनात आत गेलेली, आणि तिच्या भिंतीवर डेंड्राइटची (गोठताना वाढणाऱ्या झाडासारख्या स्फटिकांची) टोकं दिसतात.

इथे एक फसगत होते. श्रिंकेजच्या, म्हणजे मेटल गोठताना आकसल्यानं झालेल्या, पोकळीतही डेंड्राइट दिसतात. त्यामुळे भिंगावर थांबू नका, मायक्रोस्कोप लावा. फटीच्या जवळचा नमुना पॉलिश करून, एच न करता म्हणजे ॲसिड न लावता, १०० पट मोठा करून बघा. नायट्रोजन जास्त असेल तर ग्रॅफाइटच्या पाकळ्या आखूड आणि जाड होतात, टोकं गोलसर पडतात. श्रिंकेजमध्ये पाकळ्या नेहमीसारख्या लांब आणि अणकुचीदार राहतात. शिवाय श्रिंकेज हॉट स्पॉटवर येतं, म्हणजे शेवटी गोठणाऱ्या जागी. तुमच्या फटी कुठे आहेत ते हाउसिंगच्या ड्रॉइंगवर खुणा करून बघा. सगळ्या कोरला लागून असलेल्या भिंतीत आहेत, की कोरपासून लांबच्या ३५ मिमी सेक्शनमध्येही आहेत? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खुणांतच मिळेल.

व्हेंट वाढवून फरक का पडला नाही, तेही यातूनच कळतं. हा वायू बुडबुडा होऊन मेटलमध्ये घुसत नाही. नायट्रोजन वितळलेल्या बिडात विरघळतो आणि मेटल गोठताना जागा उरत नाही म्हणून डेंड्राइटच्या मधून बाहेर पडतो. वाळूतल्या वाटा मोकळ्या केल्या तरी मेटलच्या आतल्या वायूला त्यांचा काय उपयोग?

आकडा हवा असेल तर स्पेक्ट्रोवरच्या नायट्रोजनवर एकदम विसंबू नका. नमुन्यात मोकळं ग्रॅफाइट असलं की ते रीडिंग भरकटतं. नमुना पूर्ण पांढरा, तांब्याच्या साच्यात चिल केलेला, म्हणजे झटकन गोठवलेला, हवा. खात्रीचं काम इनर्ट गॅस फ्यूजनचं, ज्याला आपल्याकडे सरसकट 'लेको' म्हणतात. क्वार्ट्झच्या नळीनं लॅडलमधून ४-५ मिमी जाडीची कांडी ओढा आणि लगेच पाण्यात विझवा. वरची कातडी कानशीनं काढा, ग्राइंडरनं तापवू नका, ॲसिटोननं धुऊन पाठवा. एक कांडी सीपीसी टाकण्याआधीची, एक टॅपिंगच्या वेळची, अशा दोन्ही पाठवा. नुसता शेवटचा आकडा कळून दोष कुठून आला ते कळत नाही.

आणि हे लक्षात ठेवा, लेको एकूण नायट्रोजन सांगतं. टायटॅनियमनं बांधलेला आणि मोकळा, दोन्ही त्यातच आले. फट पडते ती मोकळ्यामुळे.

---

भट्टीवरचा_गडी

भावा, लेकोचा रिपोर्ट येईपर्यंत कागदावर हिशोब मांडू. चार्ज दिलायस म्हणून सोपं आहे.

नव्या चार्जमध्ये कार्बन किती येतो बघ. सीआरसीए ६०० किलोतून जेमतेम ०.९ किलो, रिटर्न ३५० मधून साडेअकरा, पिग ५० मधून दोन. झाले साडेचौदा. लागतात साडेतेहेतीस. म्हणजे १९ किलो कमी. ९० टक्के रिकव्हरी आणि ९८.५ टक्के फिक्स्ड कार्बन धरला तर सीपीसी लागतो २१.४ किलो. जुन्या चार्जला हाच हिशोब केला तर लागायचा ८ किलोच्या आसपास.

आता नायट्रोजन. साध्या सीपीसीत ०.५ ते १ टक्का सहज असतो. ०.८ धरू. २१.४ किलोत १७१ ग्रॅम आला. त्यातला अर्धाच मेटलमध्ये उतरला तरी ८६ ग्रॅम. स्टील ६० पीपीएमचं (दहा लाखात ६० भाग, म्हणजे टनाला ६० ग्रॅम) धरलं तर ३६ ग्रॅम, रिटर्न १०० पीपीएमचे धरले तर ३५, पिगचे दोन. बेरीज १५९ ग्रॅम, म्हणजे टनाला १५९ पीपीएम. भट्टीत काही उडून जाईल, पण तुझ्या ३५ मिमीच्या सेक्शनला ८०-९० च्या वर मी तरी जाणार नाही. पातळ माल १२० पर्यंत निभावतो, कारण त्याला गोठायला वेळच लागत नाही. जुना चार्ज याच पद्धतीनं १०० च्या आसपास येतो. म्हणजे आधीही तू काठावरच चालला होतास. पिग काढलंस आणि काठ सुटला.

आणि हे वाढत जातं बरं का. आजचा रनर-रायझर उद्याच्या चार्जमध्ये येतो, तो स्वतःचा नायट्रोजन घेऊनच येतो. म्हणून चार्ज बदलल्या दिवशी दोष दिसत नाही, काही दिवसांनी दिसायला लागतो आणि तोवर चार्ज बदललेला सगळे विसरलेले असतात.

इलाज सीपीसीलाच हात घालायचा. ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा चुरा किंवा ग्रॅफिटाइज्ड पेटकोक, म्हणजे जीपीसी. यात नायट्रोजन ०.०५ टक्क्यांच्या आत मिळतो. तेच २१.४ किलो टाकले तरी ११ ग्रॅम. सगळी बेरीज ८५ च्या खाली येते, आणि रिटर्न जसजसे सुधारतील तशी अजून उतरते. दर जास्त आहे, कबूल. म्हणून थोडा कार्बन सिलिकॉन कार्बाइडनं आण. ८८-९० टक्क्यांचं १० किलो सुरुवातीच्या चार्जबरोबर टाकलं तर ६ किलोच्या आसपास सिलिकॉन आणि अडीच किलोच्या वर कार्बन येतो. तेवढा फेरोसिलिकॉन वाचतो आणि न्यूक्लिएशन (ग्रॅफाइट उगवायची सुरुवात) सुधारतं ते वेगळं.

सीपीसी घेताना सर्टिफिकेट बघ. फिक्स्ड कार्बन, राख, मॉइश्चर, व्होलाटाइल, सल्फर सगळं असतं. नायट्रोजनचा रकाना बहुतेकांत नसतोच. मागून घे, नाही दिला तर पुडीभर नमुना लेकोला टाक.

टाकायची वेळही बघ. कार्बन तळाला थोडं मेटल झाल्यावर, वर स्क्रॅप येण्याआधी. शेवटी ट्रिमला (कार्बनच्या किरकोळ दुरुस्तीला) टाकायचाच असेल तर तो फक्त ग्रॅफाइट. आपल्याकडे काय होतं, मोल्ड तयार नाहीत म्हणून मेटल १५०० ला धरून ठेवतात. त्या तापमानाला कार्बन अस्तरातल्या सिलिकाला लागतो, कार्बन उतरतो आणि सिलिकॉन चढतो. मग स्पेक्ट्रोवाला ओरडतो 'कार्बन कमी!' आणि कुणीतरी दोन बादल्या सीपीसी वर ओततो. सगळ्यात वाईट नायट्रोजन तोच.

---

गोशि_कोरशॉप

हिशोब बरोबर आहे, पण सगळं सीपीसीवर ढकलू नका. १.६ टक्के बाइंडर म्हणजे कोरशॉपही या पापात भागीदार आहे.

कोल्ड बॉक्सच्या पार्ट १ मध्ये, म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये, नायट्रोजन जवळपास नसतो. तो सगळा पार्ट २ मधल्या आयसोसायनेटमध्ये. पार्ट २ मध्ये सॉल्व्हंट धरून साधारण ८ टक्के. निम्मानिम्मा मिसळलात तर १०० किलो वाळूत पार्ट २ येतो ०.८ किलो, त्यात नायट्रोजन ६४ ग्रॅम. हाच बाइंडर १.२ वर आणून प्रमाण ५५:४५ केलंत तर ४३ ग्रॅम. एक तृतीयांश नायट्रोजन नुसत्या सेटिंगवर कमी.

१.६ का लागतो तेही शोधा. वाळूत बारीक चुरा आणि माती असली की रेझिन त्यातच खपतं. कासार्डे-फोंड्याकडची धुतलेली वाळू चांगली येते, पण धुलाई नीट झालेली आहे हे प्रत्येक गाडीला बघावं लागतं. एएफएस (वाळूच्या बारीकपणाचा आकडा) ५० ते ५५, माती ०.३ टक्क्यांच्या आत, मॉइश्चर ०.२ च्या आत. वाळू ओली असेल तर पाणी आयसोसायनेट खातं, कोर कच्चा पडतो आणि ऑपरेटर पार्ट २ वाढवतो. जूनपासून हे चक्र आपल्याकडे ठरलेलं. वाळू ड्रायरमधून गरमच मिक्सरला आली तर बेंच लाइफ (मिसळलेली वाळू वापरता येण्याचा वेळ) जाते, तेही रेझिन वाढवण्याचं निमित्त होतं. २५-३० अंशांपर्यंत थंड होऊ द्या.

शेलवर (गरम कोरबॉक्समध्ये भाजून केलेल्या कोरवर) जायचा विचार कुणी सुचवला तर थांबा. शेल सँडमध्ये साडेतीन टक्के रेझिन आणि त्यावर १२ टक्के हेक्झा (ते रेझिन कडक करणारं रसायन) धरलं तर हेक्झा येतं ४२० ग्रॅम. त्यात ४० टक्के नायट्रोजन, म्हणजे १०० किलो वाळूत १६८ ग्रॅम. कोल्ड बॉक्सच्या अडीच-तीन पट. शेल कोर दिसायला सुबक, म्हणून लोक निर्धास्त असतात.

लाल आयर्न ऑक्साइड १ ते २ टक्के वाळूत घातलं तर कोरच्या कडेच्या फटी कमी होतात, हा जुना आणि चालणारा इलाज आहे. मात्र ऑक्साइड बारीक असतं, कोरची ताकद उतरते, आणि ती भरून काढायला रेझिन वाढवलं की आलात पुन्हा तिथेच. ऑक्साइड घालायचं तर बाइंडर वाढवायचा नाही हे आधी ठरवा. जमत असेल तर कोटिंगनंतर कोर २०० अंशांवर तासभर भाजा. रंग चॉकलेटी झाला की अडकलेलं अमाइन (कोर घट्ट करायचा वायू) आणि सॉल्व्हंट बरंच निघून गेलेलं असतं.

आता मेटल की कोर, हे ठरवायची सगळ्यात स्वस्त चाचणी. त्याच कोरबॉक्समध्ये ४ टक्के सोडियम सिलिकेट घालून सीओटूचे (कार्बन डायऑक्साइडनं घट्ट केलेले) काही कोर पाडा. सिलिकेटमध्ये नायट्रोजन शून्य. ते मोल्ड आणि नेहमीचे मोल्ड एकाआड एक लावा, एकाच लॅडलमधून ओता, आणि बोअर कापून बघा. सिलिकेट कोरच्या मालात फटी गेल्या तर कोर दोषी. राहिल्या तर भट्टी. कोर फोडून काढायला त्रास होईल, नॉकआउटवाले शिव्या घालतील, पण लेकोच्या रिपोर्टची वाट बघत बसण्यापेक्षा हे आठवड्याच्या आत उरकतं.

---

बोअर_आणि_टूल

मशीनशॉपकडून दोन शब्द. फेरो टायटॅनियम टाकून 'विसरून जा' म्हणणाऱ्यानं इन्सर्टचं (टूलच्या बदलायच्या धारेचं) बिल कधी भरलेलं नसावं.

टायटॅनियम नायट्रोजन बांधतं, हे खरं. ३.४२ भाग टायटॅनियमला १ भाग नायट्रोजन. ५०० किलोच्या लॅडलला ०.०२ टक्के टायटॅनियम हवं तर ७० टक्क्यांचं फेरो टायटॅनियम, ६५ टक्के रिकव्हरी धरून, २२० ग्रॅमच्या आसपास लागतं. त्यानं साधारण ५८ पीपीएम नायट्रोजन अडकतो. पण बांधला म्हणजे गेला नाही, तो टायटॅनियम कार्बोनायट्राइडच्या कडक कणांच्या रूपात बिडातच राहतो. मायक्रोस्कोपखाली छोटे चौकोनी, नारिंगी-गुलाबी ठिपके दिसतील ते हेच. बोअर फिनिशच्या टूलची धार हे ठिपके खातात.

दुसरं, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम वाढलं की मेटल ओलाव्यातून हायड्रोजन जास्त ओढतं. पावसाळ्यात ग्रीन सँड थोडी जरी ओली झाली तरी फटी जाऊन त्यांच्या जागी पिनहोल येतात.

तिसरं म्हणजे, त्याच भट्टीत एसजी (गोळ्यांच्या रूपातल्या ग्रॅफाइटचं बीड) करत असाल तर हे रिटर्न वेगळे ठेवावेच लागतील. टायटॅनियम गोळे बिघडवतं.

निकडीच्या ऑर्डरला तात्पुरतं वापरा, ०.०२-०.०२५ च्या वर नको. कायमचा इलाज म्हणून नको.

---

भट्टीवरचा_गडी

@बोअर_आणि_टूल शंभर टक्के. झिरकोनियमचा इनोक्युलंट (ओतण्याआधी टाकायची, ग्रॅफाइट उगवायला मदत करणारी पूड) विकणारेही नायट्रोजनचं नाव घेऊन येतात, त्यांनाही हिशोब विचारा. २ टक्के झिरकोनियमचा इनोक्युलंट ०.३ टक्के टाकला तर मेटलमध्ये झिरकोनियम येतं ६० पीपीएम. साडेसहाला एक या प्रमाणात बांधला जाणारा नायट्रोजन ९ पीपीएम, तोही सगळं उतरलं तर. इनोक्युलंट म्हणून चांगला आहे, नायट्रोजनचं औषध म्हणून नाही.

---

शिरोली_मेल्ट

सगळ्यांचे आभार. सिलिकेट कोरची चाचणी घेतली. कोरलगतच्या फटी जवळजवळ गेल्या, पण ३५ मिमीच्या बॉसमध्ये (जाड उंचवट्यात) राहिल्या. म्हणजे दोन्हीकडून आहे. बाइंडर उतरवायला सुरुवात केली आणि ग्रॅफाइटवर काही हीट (भट्टीचे घाणे) घेतल्या. बॉस स्वच्छ निघाला!

पण आता नवीनच दुखणं. वेजला (चाचणीच्या पाचरीला) चिल, म्हणजे कडक पांढरं बीड, वाढली, पातळ कडा कडक लागतायत, आणि टेस्ट बारचा टेन्साइल (ओढ सहन करायची ताकद) २६० एमपीएच्या जेमतेम वर आलाय. आधी २८० च्या पुढे मिळायचा. कार्बन, सिलिकॉन तेच आहेत. ग्रॅफाइटच खराब आलंय का?

---

धातूतपासणी

ग्रॅफाइट चांगलं आहे म्हणूनच हे होतंय. सल्फर बघा, ०.०५५ राहिला नसेल.

साध्या सीपीसीत सल्फर १ टक्का धरला तरी २१ किलोतून टनाला ०.०२ टक्के येत होता. तो एकदम बंद झाला. स्टीलमधून ०.००९, पिगमधून नगण्य, उरलेला रिटर्नमधून. पहिल्या हीटला ०.०३ दिसेल आणि रिटर्न फिरत गेले की ०.०१६ पर्यंत उतरत जाईल. ग्रे आयर्नला सल्फर ०.०५ च्या खाली गेला की इनोक्युलंट नीट पकडत नाही, कारण ग्रॅफाइट ज्यावर उगवतं ते सल्फाइडचे कणच कमी पडतात. मग अंडरकूल्ड, डी टाइप (अगदी बारीक) ग्रॅफाइट आणि कडेला चिल. इनोक्युलंट दुप्पट केला तरी हे सुटत नाही, नुसता सिलिकॉन वाढतो.

टेन्साइलचं कारण वेगळं. नायट्रोजन स्वतः पर्लाइट वाढवतो आणि ग्रॅफाइट आखूड करतो, म्हणजे तो तुम्हाला फुकटात ताकद देत होता. ती आता दुसरीकडून आणावी लागेल. तांबं ०.४ ते ०.६ टक्के हा सरळ मार्ग. कथील ०.०५ ते ०.०८ नंही चालतं, पण त्याहून जास्त घातलंत तर माल ठिसूळ होतो आणि रिटर्नमध्ये साठत जातं.

---

भट्टीवरचा_गडी

सल्फरला आयर्न सल्फाइड घाल. ०.०३ वरून ०.०६५ ला न्यायचं म्हणजे टनाला ३५० ग्रॅम सल्फर. ३० टक्के सल्फरचं सल्फाइड आणि ८० टक्के रिकव्हरी धरली तर दीड किलोच्या आत-बाहेर. पायराइट मिळालं तर त्यात सल्फर जास्त असतो, वजन त्या हिशोबानं कमी कर. पोत्यावरचा आकडा बघूनच माप, अंदाजानं मूठ टाकू नको.

मँगनीज तुझं ०.६५ आहे. सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३, या सूत्रानं ०.४१ पुरे. ०.५५ पर्यंत उतरव, नाहीतर मँगनीज सल्फाइडचा मळ वर येऊन स्लॅगची भोकं सुरू होतील, विशेषतः शेवटचे मोल्ड १३५० च्या खाली ओतले तर.

सल्फाइड भट्टीत टाक, तापमान १४५० च्या आसपास आल्यावर, ढवळून, आणि वेज पुन्हा तोडून बघ. लॅडलमध्ये टाकलंस तर वास सुटेल, धूर होईल आणि अर्धं वाया जाईल. आणि पुढची हीट एसजीची असेल तर भट्टीत हील (तळाला उरवलेलं मेटल) ठेवू नको. तो सल्फर तुझं मॅग्नेशियम खाऊन टाकेल.